थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

सिग्नलला उभं राहिलं की आरपीएम वर-खाली होतो, चालता चालता मध्येच झटका बसतो, ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी क्षणभर पिकअपच घेत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये पटकन उत्तर मिळतं, "टीपीएस गेलाय, बदलून टाकू." टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तो खरंच गेलाय का हे कसं तपासायचं आणि बदलला तर सेट कसा करायचा, हे आज बघूया. केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलच्या पेट्रोल गाड्यांपासून सुरुवात करू.

हा सेन्सर करतो काय?

तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा थ्रॉटल बॉडीमधली झडप उघडते आणि इंजिनमध्ये हवा जाते. झडप किती उघडली हे टीपीएस गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला सांगतो. त्यावरून आणि इतर सेन्सर्सवरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं.

या गाड्यांमधला टीपीएस बहुतेक वेळा स्पीकरच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखा असतो. जुनं बटण एका ठराविक जागी खरखर करतं ना, तसंच इथेही होतं. आपला पाय बहुतेक वेळ थोडासाच दाबलेला असतो, म्हणून आतली पट्टी तिथेच जास्त झिजते.

सेन्सरला सहसा तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असतो, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास. मग ० ते ५ का नाही? कारण वायर तुटली तर सिग्नल शून्यावर येतो आणि ५ च्या वायरला चिकटली तर थेट ५ दिसतात. असं झालं की ईसीयूला कळतं, हा आकडा खरा नाही. पी०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी आणि पी०१२३ म्हणजे फार जास्त. पण लक्षात घ्या, हे कोड "सेन्सर खराब आहे" असं सांगत नाहीत. दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्येही असू शकतो.

तपासणी

इंजिन बंद, चावी ऑन. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने वायरीला. आधी ५ व्होल्ट येतात का बघा. नाही आले, तर नवा सेन्सर आणूनही उपयोग नाही, आधी वायरिंग शोधा. अर्थच्या वायरीवर जवळजवळ शून्य दिसायला हवं.

आता लाल पिन सिग्नलला लावा आणि झडप हाताने अगदी हळू उघडा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच पडला किंवा उडी मारली, तर सेन्सर झिजलाय.

ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर असेल तर मोबाइलवर थ्रॉटलचा ग्राफ बघा, छोटे खड्डे त्यात पटकन दिसतात. झडप बंद असतानाही ॲपमध्ये दहा-पंधरा टक्के दिसले तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तसंच असतं.

आणखी एक: थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल तरी आरपीएम असाच नाचतो. आधी ती साफ करून बघा.

बदलणं आणि सेट करणं

इंजिन थंड, चावी बंद, बॅटरीची मायनस वायर काढलेली. जुन्या सेन्सरची जागा मार्करने खूण करून ठेवा. कनेक्टर लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. स्क्रू घट्ट असतात, बरोबर मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या. नवा सेन्सर दांड्यावर नीट बसवून मग स्क्रूच्या भोकांपर्यंत फिरवा. जोर लावला तर तडा जातो.

भोकं गोल असतील तर सेट करण्यासारखं काही नाही. लांबट असतील तरच सेटिंग आहे. स्क्रू थोडे ढिले ठेवा, बॅटरी आणि कनेक्टर जोडा, चावी ऑन करा. झडप पूर्ण बंद ठेवून, तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत सेन्सर हळूहळू फिरवा. मग स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना तो सरकतो. झडप दोन-तीनदा उघडून सोडा, दर वेळी तोच आकडा यायला हवा.

हा आकडा चुकला तर झडप बंद आहे हे ईसीयूला कळतच नाही, आणि आयडलिंग बिघडतं. आरपीएम वाढवायला मात्र टीपीएस फिरवू नका, आणि झडपेच्या स्टॉप स्क्रूलाही हात लावू नका.

केबल नसेल तर?

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये झडप मोटर फिरवते. चावी ऑन असताना तिथे बोट घालू नका, झडप अचानक मिटू शकते. त्यात सुरक्षेसाठी दोन सेन्सर असतात. दोघांचं जुळलं नाही तर ईसीयू गाडीची ताकदच कमी करतो. बऱ्याचदा तिथे पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते आणि अनेक मॉडेल्समध्ये नंतर स्कॅनरने सेटिंगही करावं लागतं. ते काम जाणकारावरच सोपवा.

शेवटी कोड पुसा आणि आधी मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा, थेट घाटात नको. आणि पुढच्या वेळी कोणी "सेन्सर गेलाय" म्हणालं, तर एवढंच विचारा: "किती व्होल्ट आले?" भेटूया पुढच्या भागात!