कंटेनरला स्वॅप किती मिळतो?

डॉकरचा कंटेनर नुसता सुरू केला, तर त्याच्या मेमरीला काहीच मर्यादा नसते. आतला प्रोग्राम फुगत गेला की झळ सर्व्हरवरच्या बाकीच्यांनाही बसते. म्हणून ‘मेमरी’ या पर्यायात ५१२ एमबी असा आकडा द्यायचा. बरेच जण इथेच थांबतात. पण खरी गोम शेजारच्या ‘मेमरी-स्वॅप’मध्ये आहे.

त्यात निव्वळ स्वॅप लिहायचा नसतो, रॅम आणि स्वॅपची बेरीज लिहायची असते. मेमरी ३०० एमबी आणि मेमरी-स्वॅप १००० एमबी दिलं, तर स्वॅप मिळतो ७०० एमबी. दोन्ही आकडे सारखे ठेवले की स्वॅप बंद. दुसरा आकडा दिलाच नाही, तर सर्व्हरवर स्वॅप चालू असल्यास रॅमइतकाच स्वॅप आपोआप मिळतो. म्हणजे ५१२ घालून निर्धास्त झालेल्याचा कंटेनर गुपचूप १०२४ एमबीपर्यंत जातो. शून्य लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. उणे एक लिहिलं, तर सर्व्हरवरचा सगळा स्वॅप मोकळा.

ही बेरीज सीग्रुपच्या जुन्या आवृत्तीतली. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांना संसाधनं वाटून देणारी कर्नेलची यंत्रणा; ती २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ बरोबर आली. २०१६ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत रॅम आणि स्वॅपच्या मर्यादा वेगवेगळ्या लिहितात, आणि ते केव्हाही सरळ. डॉकरने मात्र जुनीच रीत ठेवली आणि वजाबाकी स्वतःकडे घेतली.

रॅमची मर्यादा भरली की कर्नेल लगेच कुणाला मारत नाही. आधी त्या गटाच्या फाइल कॅशमधली पानं सोडवतो, काही पानं स्वॅपमध्ये ढकलतो. तरी भागलं नाही, तर ओओएम किलर त्याच गटातली एखादी प्रोसेस संपवतो. ती कंटेनरची मुख्य प्रोसेस असेल, तर कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडतो: १२८ अधिक किल सिग्नलचे ९.

कंटेनरच्या आत ‘फ्री’ चालवून मर्यादा शोधू नका. तो सहसा अख्ख्या सर्व्हरची मेमरी दाखवतो. नव्या आवृत्तीत सीग्रुपच्या डिरेक्टरीतल्या ‘मेमरी डॉट मॅक्स’ आणि ‘मेमरी डॉट स्वॅप डॉट मॅक्स’ या फाइली वाचा. डेटाबेसच्या कंटेनरला मी स्वॅप देणार नाही: रखडत चालणारा डेटाबेस बंद पडलेल्यापेक्षा उशिरा लक्षात येतो. रात्रीच्या बिल्डला थोडा स्वॅप दिला तर बिघडत नाही.