ढगात शिरण्याचा परवाना

सकाळी कराडजवळच्या वारुंजीच्या बाजूने लहान विमानाचा आवाज आला, की मुले गच्चीवर धावतात. कराडचे हे विमानतळ पन्नासच्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी बांधले गेले. पुढे तेथे वैमानिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले. त्यामुळे डॉक्टर, इंजिनिअर या नेहमीच्या उत्तरांबरोबर ‘पायलट’ हे उत्तरही आता आपल्या मुलामुलींच्या तोंडी येऊ लागले आहे.

समजा, घरातल्या कोणी खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. पेढे वाटून झाले. आणि मग तो किंवा ती म्हणते, “अब्बा, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंग करायचे आहे.” विमान उडवता येते, उतरवता येते, मग हा आणखी खर्च कशासाठी? घरच्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

पहिल्या परवान्याची मर्यादा

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. हा परवाना नजरेच्या भरवशावर उडण्याचा आहे. समोर क्षितिज दिसले पाहिजे, खाली जमीन ओळखता आली पाहिजे. सर्वसाधारण नियम असा, की कमी उंचीवर निदान ५ किलोमीटरपर्यंतचे स्वच्छ दिसावे आणि विमान ढगांपासून आडवे दीड किलोमीटर व उभे ३०० मीटर दूर असावे.

आता कराडचे आकाश आठवा. डिसेंबरात पहाटे प्रीतिसंगमावर धुके बसते. जून लागला की सह्याद्रीवर ढग टेकतात आणि आगाशिवाचा डोंगर गावातून दिसेनासा होतो. निघताना स्वच्छ असलेली हवा घाटाजवळ पोहोचेपर्यंत बदलू शकते. अशा हवेत केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालवण्याची पात्रता म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग.

शरीर खोटे बोलते तेव्हा

एसटी स्टँडवर आपण गाडीत बसलेले असतो, शेजारची गाडी मागे सरकते आणि आपल्याला वाटते आपलीच गाडी निघाली. खिडकीतून फलाट दिसला की चूक कळते. ढगात असा फलाट नसतो.

आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांच्यामुळे डोळे मिटले तरी आपण वळतो आहोत हे कळते. पण वळण हळू आणि एकसारखे असेल तर वीसेक सेकंदांत तो द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. अशा वेळी विमान खरोखर सरळ केले तर उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. वैमानिक तो ‘दुरुस्त’ करायला जातो आणि विमान पुन्हा त्याच वळणात, अधिकाधिक तीव्र होत, खाली जाते.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली गेली. विमानात प्रशिक्षक सोबत होता. बाहेरचे दृश्य तेवढे बंद केले होते. विसांपैकी प्रत्येकाचा विमानावरचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत.

१६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी धाकटे स्वतःचे लहान विमान घेऊन पत्नी आणि मेहुणीसह निघाले. घरातल्या लग्नाला पोहोचायचे होते. रात्र काळोखी, हवा धुरकट आणि खाली समुद्र. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे शिक्षण चालू होते, पण ते पूर्ण झालेले नव्हते. दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. तिघेही गेले.

शिकवतात काय?

आपल्याकडे या रेटिंगसाठी वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेले ५० तासांचे उड्डाण आणि यंत्रांवरचा ४० तासांचा सराव लागतो. त्यातले २० तासांपर्यंत जमिनीवरच्या सिम्युलेटरवर चालतात. लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा वेगळी. रेटिंगची मुदत एक वर्ष. नंतर पुन्हा चाचणी देऊन ते चालू ठेवावे लागते.

सरावात विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापडीसारखे आच्छादन असते. समोरची यंत्रेच तेवढी दिसतात: वेग, उंची, दिशा, वळण, चढ-उतार आणि मध्यभागी कृत्रिम क्षितिज. नजर एकावर न खिळवता सतत फिरती ठेवायची. मधेच प्रशिक्षक एखादे यंत्र झाकतो आणि उरलेल्यांवर विमान सांभाळायला लावतो.

हे शास्त्र फार जुने नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ जेम्स डूलिटल यांनी बाहेर काहीही न पाहता उड्डाण करून विमान पुन्हा उतरवले, तेव्हा यंत्रांच्या भरवशावर उडता येते हे सिद्ध झाले.

पण एकाच यंत्रावर आंधळा विश्वासही चालत नाही. मुंबईने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान दुबईसाठी निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडून विमान उजवीकडे कललेले दाखवत होते. त्यांनी ते डावीकडे वळवले, मुळात सरळ असलेले विमान डावीकडे कलंडत गेले. सहवैमानिकासमोरचे आणि तिसरे राखीव यंत्र मात्र बरोबर होते. खाली काळा समुद्र, क्षितिज नाही. अनुभवी माणसांचीही फसगत होते, म्हणूनच एका यंत्राची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहण्यावर एवढा भर असतो.

परत फिरण्याची हिंमत

मोठ्या विमानतळांवर रेडिओ लहरींच्या आधाराने ढगातून धावपट्टीकडे उतरता येते. साधारणपणे जमिनीपासून २०० फुटांवर निर्णयाची घडी येते. तेथे धावपट्टी दिसली नाही तर विमान वर न्यायचे, घासाघीस नाही. कराडसारख्या लहान धावपट्टीवर ही सोय नसते. म्हणजे रेटिंग असूनही धुक्यात कराडला उतरता येणार नाही. पुण्यासारख्या ठिकाणी जावे लागेल किंवा निघायचेच नाही.

पालकांसाठी चार गोष्टी

या शिक्षणाकडे मुलींनीही जरूर पाहावे. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त. उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी तर १९३६ च्या सुमारास लाहोरमध्ये विमानचालनाचा परवाना मिळवला होता.

मात्र खासगी परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग एवढ्यावर नोकरी मिळत नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना हवा. त्याला भौतिकशास्त्र व गणितासह बारावी आणि २०० तासांचे उड्डाण लागते. फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. संस्थेकडे यंत्रांवरच्या सरावाला योग्य विमान आणि मान्यताप्राप्त सिम्युलेटर आहे का, पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद राहते, पैसे परत करण्याचा नियम काय, हे लेखी घ्या.

शेवटची गोष्ट पैशांची नाही. वैमानिकावर सर्वांत मोठे दडपण घरचेच असते. ईद आहे, वलीमा आहे, सगळे जेवायला थांबले आहेत. अशा वेळी फोन येतो, “अम्मी, हवा बरी नाही, आज निघत नाही.” उंट बांधून मग तवक्कुल करावे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो. त्या दिवशी नाराजीचा एक शब्दही न काढता म्हणावे, “बेटा, उद्या ये. आम्ही वाट पाहतो.”