पंपावर ८० लिहिलंय, बादलीत किती?

"सर, पंप मोठा घ्यावा लागणार." चौथ्या-पाचव्या फेरीलाच गाडी तापायला लागली होती आणि पोरांनी निकाल देऊन टाकला होता.

पोरं म्हणजे आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंटची टीम. वर्षभर वर्कशॉपात खपून एका माणसाची, उघड्या चाकांची रेसगाडी बांधायची आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत पळवायची. इंजिन केटीएम ३९० चं, चाकणला बनलेलं, ३७३ सीसीचं एकच सिलिंडर. मोटारसायकलवर ते बिचारं तक्रार करत नाही. पण तिथे रेडिएटर समोरच्या वाऱ्यात असतो. आमच्या गाडीत तो बगलेत गेला, पाइप लांबले, वळणं वाढली.

शेतावर मोटर बसवणारा माणूस दुकानात गेला की आधी विहीर सांगतो: खोली किती, पाइप किती इंची, बेंड किती. एचपीची गोष्ट नंतर. पोरांनी एचपीपासूनच सुरुवात केली होती. म्हटलं, आधी विहीर बघू.

पंप उष्णता घालवत नाही. ती रेडिएटर आणि वारा घालवतात. पंप नुसता हमाल. मग ओझं किती? पेट्रोलमधल्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे धरायचे: एक चाकांना, एक सायलेन्सरवाटे हवेत, एक पाण्यात. नियमाप्रमाणे इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते, म्हणून ताकद २५ किलोवॅट धरली. पाण्यात जाणारी उष्णताही तेवढीच. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. रेडिएटरच्या आत येताना आणि बाहेर पडताना पाण्यात १० अंशांचा फरक चालत असेल, तर मिनिटाला ३६ लिटर पाणी फिरायला हवं. फरक ५ अंशांवर आणायचा तर ७२ लिटर.

एकाने लगेच विचारलं, "पण सर, पाणी फार जोरात गेलं तर त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही ना?" गॅरेजमधला हा फार जुना समज. तेच पाणी फिरून फिरून येत असतं. एका फेरीत कमी थांबलं तरी मिनिटाला फेऱ्या जास्त होतात, आणि वेगाने घासून जाणारं पाणी धातूची उष्णता जास्तच घेतं. रेडिएटरच्या नळ्या जपण्यापुरती वेगाला मर्यादा असावी, एवढंच.

खरं निदान दोन सेन्सरमध्ये आहे. एक रेडिएटरच्या तोंडाशी, एक शेपटाशी. गाडी तापलीय आणि दोन्हींत फरक तीन-चार अंशांचाच आहे, तर पाणी भरपूर फिरतंय. दोष वाऱ्याचा, पंख्याचा किंवा रेडिएटरच्या आकाराचा. तिथे पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. फरक मोठा असेल तर पाणी कमी पडतंय. काटा मध्येच उडून खाली पडत असेल तर बहुतेक कुठेतरी हवा अडकलीय. आमच्याकडे फरक आला १४ अंश.

म्हणजे पोरांचं बरोबर? पण पंपावर तर मिनिटाला ८० लिटर छापलेलं होतं. हा आकडा मोकळ्या तोंडाचा असतो, समोर काहीच अडथळा नसतानाचा. विहिरीवर अडथळा म्हणजे मुख्यतः उंची. गाडीत जेवढं पाणी वर चढतं तेवढंच खाली उतरतं, त्यामुळे उंची एकमेकांत वजा होते आणि उरतं ते घर्षण: रेडिएटरच्या बारीक नळ्या, इंजिनातल्या वाटा, काटकोनी जोड. पंप घेताना कंपनीचा आलेख मागायचा आणि आपल्या अडथळ्याला तो किती लिटर देतो ते वाचायचं. मोठा आकडा छापलेला, पण दाब कमी असलेला पंप अशा ठिकाणी लहान पंपापुढे हार खातो.

दुसरी तपासणी ओढीच्या बाजूची. पंप ढकलायला तयार असतो, ओढायला नाखूश. तोंडाशी दाब पडला की गरम पाणी तिथेच उकळतं, बुडबुडे होतात, पंपाच्या पात्यांवर येऊन फुटतात आणि पाणी घटतं. म्हणून पंप खाली, रेडिएटरच्या गार बाजूला ठेवायचा. ओढीचा पाइप मऊ नको, चिपकतो. आणि रेडिएटरची टोपी बघायची. कुकरची शिट्टी करते तेच काम ती करते: साधारण एक बारचा दाब धरला तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्पर्धेत साधंच पाणी वापरायची सक्ती असल्याने ही टोपी आमची मोठी सोबतीण.

आमचा पंप विजेचा. इंजिनावरचाच पंप का नाही ठेवला? तो इंजिनाच्या वेगावर नाचतो. वेग दुप्पट झाला की पाणी दुप्पट, दाब चौपट आणि पंपाने खाल्लेली ताकद आठपट. उलट आयडलिंगला तो जवळपास झोपलेला. २२ किलोमीटरच्या एंड्युरन्समध्ये मध्यावर चालक बदलतो, तेव्हा इंजिन बंद करावं लागतं. पाणी फिरायचं थांबलं की हेडमधली धग तिथल्याच पाण्यात उतरते, आणि गरम इंजिन पुन्हा चालू करताना पोरांचा जीव टांगणीला. विजेचा पंप इंजिन थांबलं तरी फिरवता येतो. त्याची किंमत म्हणजे शंभरेक वॅटचं ओझं आणि एक फ्यूज. फ्यूज गेला की कोणी ओरडत नाही, थेट काटाच चढतो.

पाइप ठीक, टोपी ठीक, हवा काढलेली. मग मी बादली मागवली. पंपाचा परतीचा पाइप सोडवून १५ लिटरच्या बादलीत धरला, दुसऱ्या भांड्यातून पाणी दिलं, दोन्हींची पातळी सारखी राहील असं बघून. घड्याळ लावलं. बादली भरायला ३६ सेकंद. म्हणजे मिनिटाला २५ लिटर, आणि हिशेबात १४ अंश बसतात तेही नेमके इथेच.

मला आमच्या गावची थ्री-फेज मोटर आठवली. लाइनमनने फेज बदलले की ती उलटी फिरायची, तरी पाणी यायचं, फक्त मरतुकडं. पंपाची मोटर ब्रशवाली होती. अशी मोटर तारा उलट झाल्या तरी मुकाट्याने फिरते. लाल-काळी अदलाबदल केली आणि पुन्हा बादली लावली. २० सेकंद.

नव्या पंपाचं कोटेशन एका पोराने फोनवर उघडून ठेवलं होतं. त्याने ते बंद केलं आणि तारांवर लाल टेप गुंडाळायला घेतला.