पिसे झडतात तेव्हा कबुतराला जपा

पावसाळा सरू लागला की खुराड्यात पिसांचा सडा पडतो. कबुतर आजारी पडले की काय, असे घरच्यांना वाटते. पण हा आजार नव्हे. कबुतर दरवर्षी जुनी पिसे टाकते. प्रत्येक पंखातली 10 मोठी पिसे आतून बाहेरच्या टोकाकडे एकेक करून बदलतात. याला सुमारे 6 महिने लागतात.

पीस प्रथिनांचे बनते. म्हणून नुसत्या ज्वारी-बाजरीवर भागवू नका. वाटाणा, मूग, हरभरा घाला, थोडे जवसही द्या. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी उथळ परातीत अंघोळीचे पाणी ठेवा. नर-मादी वेगळे ठेवा. पिल्ले वाढवणे आणि पिसे घडवणे ही दोन्ही ओझी एकदम नकोत. लांब उडवणेही थांबवा.

नव्या कोंबात रक्त असते, तो उपटू नका. कबुतराने खाणे सोडले, तर मात्र पशुवैद्याला दाखवा.

या दिवसांत उपासमार झाली, तर वाढत्या पिसावर आडवी रेघ उमटते आणि पीस तिथे कच्चे राहते. ते पुढच्या वर्षीच बदलते. आपली थोडी हयगय कबुतर वर्षभर अंगावर वागवते. मुका जीव तक्रार करत नाही. त्याचा हक्क आपणच ओळखायचा.