टाकी गळतेय... पण नक्की कुठून?

ट्रॅव्हल ट्रेलर तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. तळ्याकाठी उभं केलेलं चाकांवरचं पांढरंशुभ्र घर, बाहेर दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, हातात कॉफीचे मग आणि खाली कॅप्शन, ‘फ्रीडम’! फोटोत कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या घराच्या पोटाखालच्या तीन टाक्या. एक फ्रेश, स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे. किचन सिंक आणि शॉवरचं पाणी तिच्यात जातं. तिसरी ब्लॅक. तिच्यात काय जातं ते सांगायला नकोच! सगळं फ्रीडम या तिघींच्या भरवशावर. त्यातली एक रुसली की तळं, सूर्यास्त, कॉफी सगळं बाजूला राहतं आणि तुम्ही ट्रेलरखाली उताणे पडलेले असता.

आमची ग्रे रुसली.

अमेरिकेत २०२१ साली आरव्ही गाड्यांचा विक्रम झाला होता. कारखान्यांमधून एका वर्षात सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. लॉकडाउनला वैतागलेल्या पब्लिकने धडाधड घेतल्या आणि हौस फिटल्यावर बऱ्याच जणांनी विकायलाही काढल्या. आमचा ट्रेलर त्यातलाच, २०२३ मध्ये सेकंडहँड घेतलेला. यंदा ओहायोतला हिवाळा संपला, पाणी भरून ट्रायल घेतली आणि मागच्या चाकाजवळ टप... टप... सुरू! त्यात जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार, मिशिगन लेकच्या काठी कॅम्पिंगचं बुकिंग झालेलं. आईचे गुडघे बोलतात. रात्री टॉर्च घेऊन कॅम्पग्राउंडच्या कॉमन बाथरूमपर्यंत चालणं तिला जमणार नाही. म्हणून तर ट्रेलर! आणि गळकी ग्रे टाकी घेऊन जायचं म्हटलं, तर अनेक कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याचा थेंबही जमिनीवर चालत नाही. तेही बरोबरच आहे म्हणा. आपल्या वरणाच्या पातेल्याचं पाणी शेजारच्या तंबूखाली का जावं?

एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या माणसाने गाडी न बघताच फैसला सुनावला : टाकी बदला, अठराशे डॉलर, नंबर सहा आठवड्यांनी. म्हणजे आई-बाबा परत जायच्या बेतात असताना! टाकी बदलायला माझी ना नाही. पण नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जातो का?

तर पहिला फंडा असा, की टाकी गळते म्हणजे टाकीच फुटली असं नाही. डंप व्हॉल्व्हचं सील झिजतं, सिंकखालचा पी-ट्रॅप सैल होतो, पाइप टाकीत शिरतो तिथलं रबर कडक होतं. ही कामं पाच-पंचवीस डॉलरची. शिवाय बऱ्याच ट्रेलरच्या पोटाला खालून नालीदार प्लॅस्टिकचा पडदा असतो. गळकं पाणी त्यावरून वाहत वाहत भलतीकडेच थेंब टाकतं. थेंब चाकाजवळ, दुखणं चार फूट पुढे. म्हणून ट्रेलर लेव्हल केला, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, जॅक स्टँड दिले (याशिवाय खाली शिरायचं नाही, कितीही घाई असो) आणि पडद्याचे स्क्रू काढून तो खाली सोडला. सगळं कोरडं पुसलं. मग सिंकमध्ये इंडियन स्टोअरमधला जिलबीचा केशरी रंग कालवून पाणी सोडलं आणि सांध्यासांध्याला टिश्यू पेपर लावून बसलो. वीस मिनिटांनी एक टिश्यू केशरी झाला. टाकीच्या तळाला, बाहेर जाणाऱ्या पाइपपासून चार बोटांवर, दोन इंचांची चीर. केसाएवढी!

आता चीर बुजवायची कशाने? इथे नव्वद टक्के उत्साही मंडळी दुकानातून ‘सगळ्याला चिकटणारी’ ट्यूब आणतात. थांबा! आधी टाकीची जात विचारा. या टाक्या मुख्यतः दोन प्लॅस्टिकच्या असतात, एबीएस आणि पॉलिएथिलीन. एबीएसचं सोपं आहे. त्याचं सिमेंट प्लॅस्टिकला वरवर विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. पॉलिएथिलीन मात्र मेणचट. गच्चीवरची काळी टाकी, दुधाचे कॅन, सगळे त्याच खानदानातले. नेहमीचा गोंद, इपॉक्सी, सिलिकॉन यातलं काहीच त्याला मनापासून धरत नाही. दोन दिवस बरं दिसतं, पहिल्या खड्ड्यात खपली निघते.

जात ओळखायची युक्ती घरगुती आहे. टाकीच्या काठावरून ब्लेडने नखाएवढी साल काढायची आणि ग्लासभर पाण्यात टाकायची. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवा, नाहीतर बुडणारी सालही पृष्ठभागावर रेंगाळते. एबीएस बुडतं, पॉलिएथिलीन तरंगतं. आमची साल मस्तपैकी तरंगली. म्हणजे ट्यूब बाद, वेल्डिंग पक्कं.

प्लॅस्टिक वेल्डिंग हा शब्द ऐकून दचकू नका. सोल्डरिंग येत असेल त्याला हे जमतं. इस्त्रीच्या चपट्या टोकासारखं गरम होणारं हत्यार आणि त्याच प्लॅस्टिकची कांडी. ‘त्याच’ हे महत्त्वाचं. आधी टाकीच्या काठावर एक थेंब वितळवून बघायचा, गार झाल्यावर सोलून निघाला तर कांडी चुकीची. मग टाकी रिकामी, धुतलेली, खडखडीत कोरडी. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक, म्हणजे चीर पुढे पळत नाही. चीर व्ही आकारात कोरायची आणि टाकी व कांडी दोन्ही एकत्र वितळवत भरायची. नुसती कांडी वितळवून वर ओतली तर तो फक्त मेकअप! धूर निघाला तर आच जास्त झाली. मास्क आणि मोकळी हवा मस्ट. वेल्डिंग मी केलं, नवऱ्याने टॉर्च धरला आणि सूचना दिल्या. फुकट.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. चीर पडलीच का? टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. भरली की दीडशे किलो, दोन धट्टेकट्टे पाहुणे! आणि हे दोघं नुसत्या काठांवर टेकलेले. दोन लोखंडी अँगल, मध्ये आधार शून्य. प्रत्येक खड्ड्याला पोट खाली, पुन्हा वर, सगळा ताण पाइपच्या तोंडाशी. तशीच नवी टाकी बसवली असती, तर तीही त्याच जागी गेली असती. मग खाली जाड प्लायवुड आणि दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. अठराशे डॉलरच्या कोटेशनमध्ये ही पट्टी होती का, विचारलं. नव्हती.

टाकी बदलण्याची वेळ येतेच. प्लॅस्टिक जुनं होऊन ठिसूळ झालं, चिरा दोन-चार ठिकाणी असल्या किंवा पाइपचं तोंडच उखडलं, तर वेल्डिंगचा हट्ट नको. ब्लॅक टाकीच्या बाबतीत तर मी सरळ नवीनच घेईन, हौशी प्रयोगाची ती जागा नाही. नवी घेताना लांबी-रुंदी-उंचीच नव्हे, तर पाइपची भोकं, छतावर जाणारी हवेची नळी आणि लेव्हलच्या सेन्सरची जागा, सगळं मापून कागदावर काढा. दोन इंचांचा फरक आणि पाइप जुळत नाही.

आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. भाड्याने गाडी घेणार असाल तर एसी-टीव्ही बघून झाल्यावर एवढं विचाराच, सांडपाण्याची टाकी केवढी आणि रिकामी कुठे करायची?

आमची टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवली. मग अर्ध्या टाकीनिशी गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर तासभर फिरवली. टिश्यू कोरडा. जूनचं बुकिंग कायम! आईला फोनवर तेवढं बजावलंय, नळ सोडून भांडी घासायची नाहीत, टाकी दीड दिवसात भरेल.

‘अगं, मग काय राखेने घासू?’ ती म्हणाली.