हार्मोन भरपूर, तरी उंची खुंटलेली

अंधेरी वा मुलुंडच्या लॅबमधून आलेल्या बुटक्या मुलाच्या रिपोर्टवर टी-४ हे थायरॉइड हार्मोन वाढलेले, पण थायरॉइडला चालना देणारे टीएसएच मात्र नॉर्मल दिसते, तेव्हा थायरॉइड हार्मोनला शरीर दाद देत नसल्याची, म्हणजे ‘रेझिस्टन्स’ची, शंका घ्यावी लागते, कारण एरवी टी-४ वाढताच मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच घटवते. रेफेटॉफ व सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रथम नोंदवलेला हा विकार सुमारे ४०,०००त एकाला होतो आणि बहुधा हार्मोन ओळखणाऱ्या बीटा रिसेप्टरच्या जनुकातील दोषातून उद्भवतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही चाचणीचे आकडे फिरवतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस थांबवून चाचणी पुन्हा करावी, आईवडिलांचीही करावी आणि मग जनुकतपासणीने खात्री करावी. याच हार्मोनच्या दुसऱ्या, अल्फा रिसेप्टरचा दोष २०१२ साली उजेडात आला. त्यात टीएसएच नॉर्मल, टी-४ कमीच्या बाजूला आणि टी-३ हे दुसरे थायरॉइड हार्मोन वरच्या बाजूला असल्याने, खुंटलेली वाढ व बद्धकोष्ठता असूनही निदान सहज निसटते. अल्फा प्रकारात थायरॉक्सिनचा, म्हणजे टी-४च्या गोळीचा, काहीसा उपयोग होतो, तर बीटा प्रकारात पुष्कळांना औषधच लागत नाही, मात्र ‘हायपरथायरॉइड’ समजून थायरॉइड ग्रंथी दाबणे वा काढणे हा घातक उपचार ठरतो. असा रिपोर्ट हाती पडलेल्या घाटकोपर-बोरिवलीच्या पालकांनी गोळी सुरू करण्याआधी परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी बालहार्मोनतज्ज्ञांना गाठावे.