आर-टूवरचं बोट काढा!

डिसेंबर १९९३. ईए स्पोर्ट्सचा पहिला फुटबॉल गेम, 'फिफा इंटरनॅशनल सॉकर', बाजारात आला. त्यात एक भन्नाट पळवाट होती. फाउल केला की पंच कार्ड दाखवायला खेळाडूकडे यायचे. पण खेळाडू घेऊन तुम्ही पळत सुटलात, तर पंचही मागे मागे! गाठ पडत नाही तोवर कार्ड नाही. त्या काळच्या पोरांनी पंचांना मैदानाच्या इतक्या प्रदक्षिणा घालायला लावल्या की मूळ सामना कुणाशी होता तेही विसरायला व्हायचं.

थोडक्यात, तेव्हा पळण्यात फायदा होता. पुढची तीसेक वर्षं या गेमच्या कारागिरांनी एकच उद्योग केला, तो म्हणजे पळणं महाग करत नेणं. ज्यांना हे उमगलं त्यांचा खेळ सुधारला. बाकीची जनता अजून आर-टू दाबून बसली आहे. (आर-टू म्हणजे प्लेस्टेशनवरचं स्प्रिंटचं बटण. एक्सबॉक्सवाल्यांचं आरटी. आणि सायबर कॅफेत घडलेल्या पिढीला एवढंच सांगतो: 'ई'.)

तिघांचा संघ, एकाच बटणाचा खेळ

१९८० च्या सुमारास अटारीवर पेलेच्या नावाचा सॉकर गेम होता. गोली सोडून संघात तीन खेळाडू, तेही कायम त्रिकोणात. एक हलला की तिघंही हलणार. 'मोकळी जागा शोध' असं कुणाला सांगायची सोयच नाही.

१९८९ मध्ये डिनो डिनी या गृहस्थाने 'किक ऑफ' काढला आणि चेंडू खेळाडूच्या पायापासून सोडवला. तोवर बहुतेक गेममध्ये चेंडू बुटाला डिंकाने चिकटवल्यासारखा असायचा. इथे वेगात वळलात की चेंडू सरळ निघून जायचा आणि तुम्ही भलतीकडे. लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग हा खेळ डोक्यावर घेतला. १९९२ च्या 'सेन्सिबल सॉकर'ने त्याच वाटेवर आणखी मजा आणली: चेंडू मारल्यावरही जॉयस्टिक वाकवून तो हवेत वळवता यायचा. जॉयस्टिकवर बटण एकच. पास, शॉट, टॅकल, सगळं त्याच्यावर. आज हातात डझनभर बटणं असून आपला पास बाहेर जातो, तो भाग वेगळा.

फिफाला हे शहाणपण सावकाश आलं. 'फिफा ०९' पर्यंत खेळाडू आठच दिशांना वळायचे. 'फिफा १०' ने ३६० अंशांत ड्रिबलिंग दिलं. 'फिफा १३' मध्ये पहिला स्पर्श कच्चा झाला, म्हणजे जोरात आलेला पास पळत्या खेळाडूच्या पायावरून उसळून पुढे जाऊ लागला. आजही तसंच आहे. स्प्रिंट दाबलेलं असेल तर प्रत्येक स्पर्शाला चेंडू पायापासून जास्त लांब जातो आणि त्या मधल्या क्षणात बचावपटू तो उचलतो. समोर मोकळं मैदान असेल तर खुशाल पळा. समोर माणूस असेल तर बोट उचला, वळा, मग पळा. एवढ्या एका सवयीने निम्मे चेंडू वाचतील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पासचंही तेच. पाठ गोलकडे, मान वळलेली, पाय धावेत, आणि अशा अवस्थेत तुम्ही मागच्या कोपऱ्यातल्या विंगरकडे पास मागता. गेम शरीराची दिशा मोजतो. आधी खेळाडूला तोंड फिरवू द्या. अर्धा सेकंद जातो, पण पास पोचतो.

बचाव: हात राखून

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबू.

'फिफा ११' पर्यंत बचाव म्हणजे एक बटण दाबून धरणं. तुमचा डिफेंडर आपोआप चेंडूवाल्याच्या अंगावर जायचा आणि चेंडू काढूनही घ्यायचा. 'फिफा १२' मध्ये 'टॅक्टिकल डिफेंडिंग' आलं. आता बटण दाबून धरलं तर गडी फक्त अंतर राखून समोर उभा राहतो, टॅकल कधी करायचा हे तुम्ही ठरवायचं. जुनी पद्धत पर्याय म्हणून ठेवली होती, तरी जगभर आरडाओरडा झाला. (त्याच गेममध्ये खेळाडूंच्या धडकांसाठी नवं इंजिन आलं आणि त्यातल्या चुकीमुळे धडकलेले दोन गडी मैदानात चक्क एकमेकांचं चुंबन घेताना दिसायचे. ते व्हिडिओ टॅक्टिकल डिफेंडिंगपेक्षा जास्त गाजले.)

कबड्डीत चढाईवाल्यावर आधी झेप घेणारा बहुधा बाद होतो, पायाची वाट बघणारा पकड करतो. इथेही तसंच. एल-टू दाबून खेळाडू समोर तोंड करून बाजूला सरकत ठेवायचा. चेंडूवाल्याचा मोठा स्पर्श पडला की मगच टॅकल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सेंटर बॅकला हात लावू नका. चेंडू आला की आपण सवयीने सर्वांत जवळचा डिफेंडर घेतो आणि त्याला पुढे पळवतो. त्याच्या मागे जे भगदाड पडतं त्यातून थ्रू बॉल जातो आणि गोल होतो. मग दोष गोलीला. त्यापेक्षा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर घ्या, त्याला मागे आणून पासची वाट अडवा आणि बचावफळी तिच्या जागी राहू द्या. खेळाडू बदलायला उजवी स्टिक वापरा. एल-वनने कोण मिळेल हे मशीन ठरवतं, स्टिकने तुम्ही ठरवता.

एक वर्ष मात्र गणित उलटं झालं होतं. 'फिफा २३' मध्ये धावण्याचे तीन प्रकार आणले. त्यातला 'लेंग्दी' हा प्रकार म्हणजे सुरुवात संथ आणि पुढे वेग वाढत जाणारा. उंच, धिप्पाड गडी यात मोडायचे. परिणाम असा की व्हॅन डाइकसारखा सेंटर बॅक लांबच्या शर्यतीत चपळ विंगरांना गाठायला लागला. मग लोक आपला प्रत्येक खेळाडू 'लेंग्दी' कसा होईल याच्या खटपटीला लागले. ते वर्ष मी तरी खेळाच्या इतिहासात धरत नाही.

नव्वद मिनिटं गेली कुठे?

ऑनलाइन सामन्यात साधारण सहा मिनिटांचा हाफ असतो. म्हणजे नव्वद मिनिटं बारा मिनिटांत. आपला एक सेकंद म्हणजे गेमचे साडेसात.

आता ८५ वं मिनिट लागलं आणि तुम्ही एका गोलने मागे आहात. घड्याळ भरभर पळतंय, घाम फुटलाय, गोलीकडून थेट लांब किक. पण हिशेब करा. पाच मिनिटं म्हणजे खऱ्या जगातले चाळीस सेकंद. मागून नीट पास देत एक धड चाल रचायला वीसेक सेकंद पुरतात. म्हणजे तुमच्याकडे दोन चाली आहेत. आघाडीवर असाल तर हेच चाळीस सेकंद चेंडू आपल्यात फिरवत काढायचे. समोरचा आर-टू दाबून अंगावर येतोच, त्याला दमू द्या.

दोष टीव्हीचाही असू शकतो

बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, ही तक्रार दरवेळी खोटी नसते. टीव्ही चित्र सुंदर करायला त्यावर बरीच रंगरंगोटी करतो आणि तेवढा उशीर होतो. काही टीव्हींवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांपर्यंत जातो. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर सहा फ्रेम झाले. माणूस डोळ्यांनी पाहून बोट हलवायला आधीच दोनशे-अडीचशे मिलिसेकंद घेतो. त्यात आणखी शंभरची भर.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो. तो चालू करा. चित्र जरा फिकं वाटेल, आई म्हणेल टीव्हीला काय केलंस. मालिकेच्या वेळी परत बदलून द्या.

'फिफा १९' पासूनचं टाइम्ड फिनिशिंग तर नेमक्या वेळेवरच उभं आहे. शॉटचं बटण एकदा दाबायचं आणि पाय चेंडूला लागतो त्या क्षणी पुन्हा एकदा. नेमकं साधलं तर हिरवा रंग आणि शॉट अचूक. फार चुकलं तर लाल, आणि चेंडू प्रेक्षकांत. उशीर करणाऱ्या टीव्हीवर हे जमवणं म्हणजे नशीब. आधी साधा शॉट मारायला शिका, हे नंतर.

कीबोर्डवरची भुतं

एका कीबोर्डवर दोघं खेळलेल्या मंडळींना हा अनुभव असेलच. एकाने बाण आणि 'ई' दाबून धरलेत, त्याच वेळी दुसरा गोलसमोर शॉट मारतो आणि काहीच होत नाही. भांडण ठरलेलं. गुन्हेगार कीबोर्ड असायचा. स्वस्त कीबोर्डमध्ये सगळी बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. ठरावीक तीन-चार एकदम दाबली की पुढचं बटण दाबलं गेलं की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते बटण सोडून देतो. मुद्दाम दुसऱ्याचा शॉट अडवायला 'ई' दाबून धरणारे महाभाग प्रत्येक कॅफेत होते. नावं घेत नाही.

'गेमच चीट करतोय!'

हरणाऱ्याचं हे राष्ट्रगीत. खेळाडू अचानक जड झाले, पोस्टला तीनदा लागला, नव्वदाव्या मिनिटाला गोल खाल्ला, म्हणजे 'स्क्रिप्टिंग'. हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. खेळाडूच्या कामगिरीप्रमाणे अवघडपणा आपोआप बदलण्याच्या तंत्राचं पेटंट ईएकडे आहे. ते फिफात गुपचूप वापरतात, असा आरोप करत २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दावा ठोकला गेला. कंपनीने फिर्यादींना तांत्रिक माहिती दिली, इंजिनिअरांशी गाठ घालून दिली, आणि २०२१ मध्ये दावा मागे घेतला गेला.

मग शेवटच्या मिनिटांत गोल का बसतात? खेळाडू दमलेले असतात म्हणून, आणि तुम्ही पहिल्या मिनिटापासून त्यांना पळवलंत म्हणून. स्टॅमिनाची पट्टी स्क्रीनवरच असते. तिच्याकडे बघायला पैसे पडत नाहीत. खाल्लेल्या गोलचा रिप्ले बघायलाही नाहीत, पण तो आपण सगळे घाईघाईने उडवतो.

मोठी माणसं

डेन्मार्कचा आंडेर्स वेयरगांग 'फिफा २१' च्या ऑनलाइन 'वीकेंड लीग'मध्ये दर आठवड्याला तीसपैकी तीस सामने जिंकायचा. सलग विजयांची मालिका पाचशेच्या पुढे गेली. वय चौदा-पंधरा. अधिकृत स्पर्धांना किमान सोळा हवं होतं, त्यामुळे जगातल्या भल्याभल्यांना घरबसल्या हरवून हा पोरगा स्पर्धा मात्र बाहेरून बघायचा.

फिफाच्या ई-वर्ल्ड कपचा २०१८ चा अंतिम सामना दोन भागांत झाला, एक प्लेस्टेशनवर, एक एक्सबॉक्सवर. एका सामन्यात समोरच्याचा कंट्रोलर घेऊन खेळायचं! सौदी अरेबियाच्या मोसाद अल्दोसारीने दोन्हीकडे २-० ने जिंकून अडीच लाख डॉलर नेले. तेव्हा 'हा रिमोट माझा नाही' ही सबब आता बंद. आपल्याकडून चरणजोत सिंग हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'एफसी ऑनलाइन' (ईएचाच फुटबॉल गेम) खेळला. तिथे या खेळाला खरीखुरी पदकं होती.

आणि आंद्रेआ पिर्लो. २००६ च्या विश्वचषक फायनलच्या दिवशी, ९ जुलैला, बर्लिनमध्ये दुपारी हा माणूस काय करत होता? त्याच्याच आत्मचरित्राप्रमाणे, झोप आणि प्लेस्टेशन. रात्री इटली विश्वविजेती. मैदानावर पिर्लो कधी जोरात पळाल्याचं कुणाला आठवतं का?

मेस्सीने एप्रिल २०१० मध्ये आर्सेनलला चार गोल मारले, तेव्हा आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याची तुलना प्लेस्टेशनशी केली होती. हा 'प्लेस्टेशन' सामन्याचा बराचसा वेळ नुसता चालत असतो.

रियल माद्रिद सोडा, एफसी गोवा घ्या

'फिफा २२' मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुंबई सिटी आणि एफसी गोवा आपापल्या जर्सीत मिळाले. पोरांनी एकदा कौतुकाने घेतले आणि परत एम्बापेकडे वळली, कारण या संघांतल्या बहुतेकांचं रेटिंग साठीच्या आसपास. सरावाला नेमकं हेच हवं. वेगाची चैन नाही म्हटल्यावर पास द्यावाच लागतो, जागा राखावीच लागते. मित्रालाही त्याच ताकदीचा संघ घ्यायला लावा आणि संध्याकाळभर खेळा.

याचा धडा जुनाच आहे. कोनामीच्या 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ६' मध्ये इंटर मिलानच्या आद्रियानोच्या शॉटची ताकद ९९ होती. हाफलाइन ओलांडली की मारायचा, बस. शेवटी कित्येक मित्रमंडळांत 'इंटर घ्यायचा नाही' असा कायदा झाला आणि तेव्हा कुठे लोक फुटबॉल खेळू लागले.

त्याच 'फिफा २२' ने करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब उभा करायची सोयही दिली: नाव, जर्सी, बिल्ला, स्टेडियम, कट्टर प्रतिस्पर्धी, सगळं तुमच्या मनासारखं. कोल्हापूरकरांनी आपल्या तालमीचा फुटबॉल संघ उतरवायला हरकत नाही. शाहू स्टेडियमच्या नावाने मैदान निवडा, समोर कोण हवा ते सांगायची गरज नाही. कॉमेंट्रीवाला मात्र 'पाटाकडील'सारखं तालमीचं नाव घेणार नाही, त्याच्याकडे ठरलेल्या नावांचीच यादी असते. आणि गॅलरीतून पंचांच्या नावाने ओरडायचं बटण कंपनीने अजून दिलेलं नाही. ते तुम्हालाच सोफ्यावरून करावं लागेल.